गोळी कसली गे, आई?

आपल्याला एचआयव्ही आहे हे मुलांना कधी सांगितलं, कसं सांगितलं? की सांगायचंच राहिलंय? नाव नको, गाव पुरे. सुरुवात मी करते.

खानापूर तालुका, आई
रात्रीची गोळी बीपीची, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. लेक नववीत गेली आणि एका संध्याकाळी डबी घेऊन चुलीपाशी आली. टेनोफोविर, लॅमिव्युडिन, डोल्युटेग्रावीर. तिन्ही नावं मोबाईलवर शोधून आलेली. "बीपीची गोळी अशी नसते गे आई." तव्यावरची भाकरी करपली.

मी रडायच्या तयारीत, तर तिचा पहिला प्रश्न, "मला पण आहे का?" पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून बाळाला होऊ शकतं, हे तिला सांगितलं. तू दीड वर्षाची झालीस तेव्हा तुझी शेवटची तपासणी केली, निगेटिव्ह आली, हेही सांगितलं. तो जुना कागद मी ट्रंकेत जपलाय, तो काढून दाखवला. तरी दोन दिवस बोलली नाही. रोगाचा राग नव्हता, खोटं बोलल्याचा होता.

निपाणी, बाबा
समुपदेशनाच्या बाई म्हणाल्या, "स्वल्प स्वल्प हेळ्री." बायको कोल्हापूरकडची, तिला कन्नड येत नाही, म्हणून मी मराठीत सांगितलं: थोडं थोडं सांगा. मुलगा आठ वर्षांचा. आधी एवढंच, "रक्तात एक विषाणू हाय, गोळीनं तो दबून राहतो." आजाराचं नाव दोन वर्षांनी. त्यानं विचारलं, "मग तुमच्या ताटात जेवायचं नाही?" जेव की लेका!

शाळेत कळलं तर, ही धास्ती आहेच. आईबापाच्या एचआयव्हीपायी पोराला शाळेतून काढता येत नाही, असा 2017 चा कायदा आहे. पण कायदा आमच्या गल्लीत कुठं राहतो?

चिकोडी, आई
सांगितलेलं नाही. पोरीची सोयरीक चालू आहे. एवढंच.

बेळगाव, मुलगा
माझी बारावी झाल्यावर बाबांनी सांगितलं. मला आधीच अंदाज होता. इथं कोणी ओळखीचं भेटेल म्हणून ते औषधाला मिरजेला जायचे, आणि घरी सांगायचे "नातेवाइकांकडं". असला कुठला नातेवाईक, जो कधीच आमच्याकडं येत नाही? सांगताना ते माझ्याकडं न बघता पंख्याकडं बघत होते. मी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे, तो विचारला. "सापडत नाही म्हणतात," बाबा म्हणाले. तसाच राहिला तर संबंधातून आईला लागण होत नाही, हे मी वाचलं होतं. पण बापाला ते कसं सांगायचं! गप्प बसलो.

आता गाडीला मीही सोबत असतो. घटप्रभा आलं की चहा.