नऊला मुलं झोपायची, साडेआठला ओपन माइक

मुग्धा (बी-४०२): मंडळी, एक सल्ला हवाय. स्टँड-अप कॉमेडीच्या ओपन माइकला (नवखेही स्टेजवर जोक सांगतात तो कार्यक्रम) आठवड्यात दोन स्पॉट, म्हणजे स्टेजवरच्या पाळ्या, मिळायला लागलेत. कॅफे कल्याणीनगरला, सुरुवात साडेआठला. घरात एक ४ वर्षांचं, एक ९ वर्षांचं. झोप नऊची, स्कूलबस सकाळी ७ ची. मटेरियल बरंचसं मुलांवरचंच. वेळ बसवायची कशी आणि त्यांच्याबद्दल बोलायचं किती? त्यात कमिटीने गणपतीतली १५ मिनिटंही गळ्यात घातलीत.

सलील (ए-७०३): ताई, आधी स्पॉटचं बघू. होस्टला आदल्या दिवशीच मेसेज टाकायचा: पहिल्या पाचात घ्या, घरी लहान मूल आहे. बहुतेक जण घेतात. ऐनवेळी सांगितलं तर लाइनअप लागलेली असते, मग पावणेअकरा ठरलेले. मात्र आपला सेट, म्हणजे आपले जोक सांगून झाले की लगेच पाय काढायचा नाही, निदान मध्यंतरापर्यंत बसायचं. वीस खुर्च्यांची खोली असते, दोघं उठले तरी ओस दिसते आणि होस्ट ते लक्षात ठेवतो. जाताना वनाजवरून मेट्रो. कल्याणीनगर त्याच लाइनवर आहे, गाडी बदलावी लागत नाही. नळस्टॉपच्या सिग्नलला चिडचिड करण्यापेक्षा डब्यात बसून सेट घोकून होतो.

डॉ. अनघा (ए-२०१): ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते, ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास. सातच्या बससाठी सहाला उठायचं असेल तर नऊ ही वेळ हलवायची नाही. "आई आल्यावर झोपू" हे पहिल्याच आठवड्यात बंद. जो घरी आहे त्यानेच झोपवायचं. तीच गोष्ट, तोच दिवा, तेच पांघरूण. शोच्या दिवशी म्हणून आइस्क्रीम किंवा जास्तीचं कार्टून दिलंत, की धाकटं मंगळवारची वाट बघायला लागेल आणि झोप जाईल अकरावर.

फ्रिजवर एक कागद लावा. बाकी काही नसलं तरी तापाचं औषध त्यावर हवंच. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीमागे १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदीत मिळतं. १२० चा डोस डोक्यात ठेवून घाईत २५० ची बाटली उघडली, की दुपटीहून जास्त औषध पोटात जातं. त्यामुळे घरात एकच ताकद ठेवायची, तुमच्या डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेले मिली बाटलीवर मार्करने लिहायचे, आणि दिलेली वेळ कागदावर टिपायची. दोन डोसमध्ये किमान ४ तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आजी-आजोबा सांभाळणार असतील तर मिलीचा आकडा मोठ्या अक्षरात.

देशपांडे काकू (सी-१०१): आणि रात्र ज्याची त्याला दुसऱ्या दिवशीची सकाळ नाही, हे नवऱ्याशी आधी ठरवून घे गं. प्रयोगावरून आलेल्या माणसाला एकपर्यंत झोप लागत नाही, अंगात वारं असतं. त्याच माणसाने सव्वासहाला डबा करायचा म्हटला तर दोन आठवड्यांत स्टेज तरी सुटतं नाहीतर डबा तरी. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये, भाजी चिरून, बाटल्या भरून ओट्यावर. आणि शाळेच्या डायरीवर सही आदल्या संध्याकाळीच. सगळ्यात जास्त तेच राहतं.

वॉचमन केबिन: सी विंगसमोरची पांढरी ॲक्टिव्हा कोणाची? पाण्याचा टँकर वळत नाहीये.

निखिल (सी-३०४): सॉरी, आलो. मुग्धाताई, मुलं एवढं भन्नाट बोलतात, ते तसंच्या तसं सांगितलं तरी लोक हसतील की!

सलील: नाही हसत, आणि नवीन पालक-कलाकार सगळे इथेच आपटतात. मुलाचं वाक्य घरात भारी वाटतं कारण आपण ते पोर ओळखतो. कॅफेतल्या विशी-पंचविशीतल्या पब्लिकला त्याचं काय? ते "किती गोड" म्हणतात. "किती गोड" म्हणजे हशा नव्हे, शून्य मार्क. हशा येतो आईबाप कुठे हरले तिथे. म्हणून टिपताना तीन गोष्टी टिपायच्या: मुलाचे नेमके शब्द, त्याच्या आधीचं तुमचं वाक्य, आणि कोणत्या क्षणी तुमच्याकडे उत्तर नव्हतं. नुसतं मुलाचं वाक्य लिहिलंत तर चार दिवसांनी वहीत "डायनासोर, टूथपेस्ट, आजी" एवढंच दिसतं आणि काही म्हणजे काही आठवत नाही.

दुसरं असं की त्या पब्लिकला पीटीएम (शाळेतली पालक-शिक्षक सभा) म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही. पण रात्री दहाला "उद्या शाळेत चार्टपेपर न्यायचाय" हे त्या प्रत्येकाने स्वतःच्या आईला सांगितलेलं असतं. त्या बाजूने शिरा.

मुग्धा: शाळेच्या प्रोजेक्टचा एक जोक आहेच. दाखवू? "परवा रात्री साधारण पावणेदहाला शाळेच्या ग्रुपवर अचानक मेसेज आला की उद्या मुलांनी कडधान्यांचा मोर तयार करून आणायचा आहे, मग आम्ही दोघांनी सगळे डबे शोधले, पण घरात फक्त मटकीच होती आणि तीसुद्धा उसळीसाठी भिजवून ठेवलेली, मग आम्ही तीच चिकटवली, आणि सकाळी बघतो तर मोराला मोड आलेले होते आणि आम्हाला खूप हसू आलं."

सलील: माल आहे, पण सांडलाय. "आम्हाला खूप हसू आलं" आधी उडवा, तुम्ही हसलात की लोक हसत नाहीत. "साधारण", "अचानक", "तयार करून" उडवा. डबे शोधणं उडवा. पंचचा, म्हणजे ज्यावर हशा येतो तो, शब्द वाक्याच्या टोकाला आणा. "मोड" नंतर "आलेले होते" आलं की हशा त्या क्रियापदांवर येतो आणि दोन्ही वाया जातात. असं बघा:

"रात्री पावणेदहा. शाळेचा मेसेज. उद्या कडधान्याचा मोर. घरात फक्त मटकी. तीही भिजवलेली. चिकटवली. सकाळी मोराला... मोड."

देशपांडे काकू: "मोराला"नंतर थांबायचं ते मोजून एक श्वास, दोन नाही. दोन श्वासांत पुणेकर स्वतःच ओळखतो आणि वर तुलाच सांगतो.

सलील: 😀 बरोबर. मग टॅग, म्हणजे नवीन प्रसंग न बांधता त्याच हशावर पुढची पायरी. "बाईंचा शेरा: पिसारा नैसर्गिक." आणि सेटच्या शेवटी, विषय पार बदललेला असताना, कॉलबॅक, म्हणजे आधीच्या जोकची आठवण: "आमच्याकडे मंगळवारी उसळ असते. फेव्हिकॉलची चव लागते." मूळ जोकला पंचवीस सेकंद आणि एक हशा होता. आता पंधरा सेकंदांच्या आत एक, टॅगचा दुसरा, शेवटी फुकटचा तिसरा.

५ मिनिटांचा स्पॉट असेल तर ४ मिनिटांचंच लिहा, उरलेलं मिनिट हशाला लागतं. मागून मोबाईलचा टॉर्च दिसला की एक मिनिट उरलं, नवा जोक काढायचा नाही. फोन विमान मोडवर टाकून प्रत्येक सेट रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐकताना प्रत्येक पंचपुढे ०, १ किंवा २ लिहा. तीन वेगवेगळ्या खोल्यांत ० आला तर तो जोक फक्त घरात चालतो.

देशपांडे काकू: तालीम मुलं झोपल्यावर कुजबुजत करू नकोस. कुजबुजीत श्वास वेगळा लागतो, थांबे चुकतात, आणि स्टेजवर गेलं की सगळं दीडपट वेगाने सुटतं. बेसमेंटला गाडीत काचा लावून बस आणि पूर्ण आवाजात म्हण. निघायच्या आधी वॉचमनला सांगून ठेव, नाहीतर तो घाबरेल.

डॉ. अनघा: मुलांसमोर वही किंवा फोन काढून त्यांचं बोलणं टिपू नका, ही माझ्याकडून ठळक सूचना. मुलाच्या ज्या वागण्याला लक्ष मिळतं ते वाढतं. उलट उत्तर दिल्यावर आई रागवायच्या ऐवजी हसली आणि वर लिहूनही घेतलं, म्हणजे त्याच्या दृष्टीने बक्षीस. पुढच्या आठवड्यापासून मूल वहीसाठी बोलायला लागतं. तुमचं मटेरियल बिघडतं आणि शाळेतून चिठ्ठी येते, कारण बाई टिपून घेत नाहीत. हसू आलं तर बाथरूममध्ये जा आणि तिथून स्वतःलाच व्हॉइस नोट पाठवा.

काय बोलायचं नाही तेही सांगते. अंथरूण ओलं होणं, आजारपण, मार्क, शरीर, रडणं, भीती. नऊ वर्षांच्याला सरळ विचारा, हे सांगू का? त्याचं "नाही" म्हणजे नाही, आणि तो नंतर विचार बदलू शकतो. चार वर्षांच्याला विचारून उपयोग नाही, त्याला काय होकार दिला ते कळत नाही. त्याच्यासाठी कसोटी एवढीच की हे मूल नववीत गेल्यावर वर्गातल्या कोणी ही क्लिप शोधून काढली तर चालेल का?

सलील: तांत्रिक सोय अशी की दोन मुलांचं मिळून एकच मूल करायचं, नाव द्यायचं नाही, वय एखाद्या वर्षाने हलवायचं. हशा एकाने कमी होत नाही. रील टाकताना गणवेशाचा बिल्ला, बसचा नंबर, सोसायटीची पाटी फ्रेममध्ये नको.

कुलकर्णी काका (बी-१०४): पैशाचं माझ्याकडून. ओपन माइकला बहुधा काही मिळत नाही, उलट रिक्षाचे जातात. पण कंपन्यांचे शो सुरू झाले की एकाच आयोजकाकडून वर्षात ५०,००० च्या वर मानधन गेल्यावर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापतात. रिटर्न भरलं तरच तो हिशेबात येतो. जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या वर, तोवर निवांत. पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात, म्हणून शाळेची फी त्या चेकच्या भरवशावर ठेवू नये. तारीख, रक्कम आणि प्रवासखर्च मेलवर लिहून घ्या. फोनवरचं "बघू की मॅडम" हिशेबात धरत नाहीत.

आणि एखाद्या ब्रँडने मुलांनाच जाहिरातीत मागितलं, तर १४ वर्षांखालच्या बालकलाकारासाठी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. "आम्ही घरगुती लोक आहोत" म्हणणाऱ्यालाही पावती मागायची.

सेक्रेटरी (बी-६०१): आता गणपतीचं. १५ नाही, १२ मिनिटं देतो, मुलांचा फॅन्सी ड्रेस लांबतोच. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, म्हणून तुझा कार्यक्रम ८.५० ला. सरकार १२ पर्यंत सवलत देतं ते ठरावीक दिवशीच, आपण त्यावर विसंबायचं नाही. कमिटीवर जोक चालतील. लिफ्टवर जरूर कर, दुरुस्तीला माणूस तरी येईल.

सलील: पुढे सतरंजीवर मुलं आणि मागे खुर्च्यांवर आजी-आजोबा, म्हणजे कॅफेचा सेट इथे चालणार नाही. पहिली दोन मिनिटं मुलांना "कोण कोण डब्यातली भाजी परत आणतं?" असं विचारून हात वर करायला लावा, मगच आईबापांकडे वळा. उलटं केलंत तर मुलं तिसऱ्या मिनिटाला मोदकांकडे जातात आणि त्यांच्यामागे आया. स्पीकरच्या पुढे जाऊ नका. माइक दांड्याला धरा, जाळीला मूठ मारली की शिट्टी वाजते. तोंडापासून दोन-तीन बोटं लांब. आणि भाड्याच्या साउंड सिस्टिममधल्या कॉर्डलेस माइकचे सेल संपत आलेले असतात, जास्तीचे दोन ठेवा.

देशपांडे काकू: मागून टॉर्च मी दाखवीन. अकराव्या मिनिटाला. दोनदा दाखवणार नाही.

मुग्धा: सगळ्यांना खूप धन्यवाद 🙏 मोराचा जोक थोरल्याला विचारला. चालेल म्हणाला, पण मटकी त्याने चिकटवली होती हे सांगायचं, आईने नाही.

सलील: ते तर जास्तच चांगलं. "चिकटवली"च्या जागी "त्याने चिकटवली. मी फक्त उसळ रद्द केली." बदला.

सेक्रेटरी: सेल मी आणतो. पेन्सिल सेलच ना? हॉलची चावी केबिनमध्ये, साडेसातनंतर.