क्रेडिट कार्डाचे कर्ज आणि चालता संसार : आपापले अनुभव

२०२४ च्या आषाढात आमच्या घरातल्या तिसऱ्या आणि शेवटच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी शून्यावर आली. त्याला दोन वर्षे पाच महिने लागले. या सगळ्या काळात आमच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या घराने हे कसे निभावले, हे मला कोणालाच विचारता आले नाही. गृहकर्जाविषयी लोक चारचौघांत बोलतात, गाडीच्या हप्त्याविषयीही बोलतात, कार्डाची थकबाकी मात्र सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. म्हणून हा अनुभव धागा काढते आहे. ज्यांनी हे कर्ज फेडले आहे आणि जे अजून फेडत आहेत, त्या सर्वांनी लिहावे. बँकेचे नाव लिहू नये. शाळेची फी, सणवार, आजारपण, पाहुणे हे सगळे चालू असताना हप्त्याचे पैसे नेमके कुठून काढले, ते मात्र सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

चिंचवड, शिकवण्या घेणारी गृहिणी

माझे यजमान चाकणच्या एका कारखान्यात आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला आणि माझ्या शिकवण्याही थांबल्या. त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती आणि ती कार्डांनाही लागू होती. आम्ही ती घेतली. हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, हे आमच्या ध्यानात आले नाही. व्याजावरच्या व्याजाचा फरक पुढे सरकारने परत केला, पण मूळ व्याज होतेच. सहा महिन्यांनी आलेले बिल एकरकमी भरण्यापलीकडे गेले होते, आणि तेव्हापासून आम्ही दरमहा ‘किमान देय रक्कम’ भरू लागलो.

दीड वर्ष आम्ही समजत होतो की आपण कर्ज फेडतो आहोत. एका संध्याकाळी आठवीच्या मुलांना चक्रवाढ व्याजाची उदाहरणे शिकवून झाल्यावर, त्याच वहीच्या पाठकोऱ्या पानावर मी आमचे बिल मांडले. सर्वांत मोठ्या कार्डावर १,२४,००० रुपये थकलेले होते आणि दर महिन्याला साडेतीन टक्के होता. म्हणजे त्या महिन्याचे व्याज ४,३४० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ७८१ रुपये. किमान रक्कम म्हणून पाच टक्क्यांप्रमाणे आम्ही भरलेले ६,२०० रुपये, आणि त्यातून मुद्दलात वळते झाले अवघे १,०७९. शिवाय थकबाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आणि आम्ही तर महिन्याचा किराणा त्याच कार्डावर भरत होतो. घरात शिजणाऱ्या तुरीच्या डाळीवर ती विकत घेतल्या दिवसापासून व्याज चढत होते. ते पान पुढ्यात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले.

त्या रात्री आम्ही दोघांनी सासूबाईंसमोर तिन्ही बिले ठेवली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मी दुधाचा हिशेब लिहिते. त्याच चौकोनांत लाल शाईने तिन्ही कार्डांच्या देय तारखा लिहिल्या, म्हणजे दूध मांडताना त्या रोज सगळ्यांच्या डोळ्यांखालून जाऊ लागल्या. किराणा रोखीने आणायला लागलो. एक जुनी मुदत ठेव मोडली. आमच्याकडे गौरीच्या जेवणाला दरवर्षी चाळीस पाने असतात, ती त्या वर्षी कशी मांडायची, या विचाराने माझी झोप उडाली होती. सासूबाई म्हणाल्या, “गौरीला घरच्या पुरणाचा एक घास पुरतो गं, उसन्या पंगतीची तिला हौस नाही.” त्या वर्षी आम्ही पाचच माणसे जेवलो. पुढची दोन वर्षेही तसेच झाले आणि एकाही नातेवाइकाने त्यावरून बोल लावला नाही, हे मला आवर्जून लिहावेसे वाटते, कारण लोक काय म्हणतील या भीतीपायीच आम्ही सर्वांत जास्त व्याज भरले.

नाशिक, खासगी नोकरी

ताई, आपण त्याच रात्री घरात सांगितलेत. मला अकरा महिने लागले.

वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी विम्याचे पैसे नंतर मिळणार होते, म्हणून रुग्णालयाचे बिल कार्डावर भरले. विम्याने त्यातले जेमतेम निम्मे दिले. उरलेले फेडण्यासाठी मी दुसऱ्या कार्डावरून एटीएममधून रोख काढली. रोख काढली की शुल्क वेगळे आणि व्याज त्याच दिवसापासून लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. एका कार्डाचे दुसऱ्यावर, दुसऱ्याचे पहिल्यावर असे करता करता रक्कम १,९२,००० वर गेली. बिलांचे ईमेल मी येताच पुसून टाकत असे. पत्नीने मुलाच्या सहलीचे पैसे मागितले की माझा आवाज चढे, आणि एवढ्यातेवढ्यावरून मी का चिडतो, ते तिला कळत नसे. त्या अकरा महिन्यांची जी खंत मला आहे, ती व्याजाच्या पैशांपेक्षा मोठी आहे.

शेवटी सांगितले, तेव्हा ती रडली नाही आणि बोललीही नाही. आत गेली आणि तिच्या आईने दिलेल्या पाटल्या आणि एक हार घेऊन बाहेर आली. सोनेतारण कर्ज साधारण दहा टक्के वार्षिक दराने मिळाले. कार्डावर मला व्याज आणि कर मिळून महिन्याला ७,९०० रुपयांच्या वर पडत होते, ते सोन्यावर १,६०० च्या आसपास आले. वाचलेला प्रत्येक रुपया आम्ही मुद्दलात घातला. तारण ठेवताना तिथल्या माणसाने पाटल्या कसोटीवर घासल्या, तेव्हा तिने मान फिरवली होती, ते मी पाहिले. एकोणीस महिन्यांनी मोहोरबंद पाकीट हातात आले. ते तिने तिथेच फोडले आणि पाटल्या हातात घालूनच घरी आली. त्या संक्रांतीला आमच्याकडे चार वर्षांनी हळदीकुंकू झाले.

कोल्हापूर, बँकेतून निवृत्त

नाशिकच्या दादांनी केले ते हिशेबाला धरून आहे. मात्र सोने ठेवून कार्ड मोकळे केल्यावर तेच कार्ड पुन्हा वापरले, तर दोन्हीकडून अडकायला होते. अशी घरे मी नोकरीत पाहिली आहेत. सोने ठेवून कार्ड फेडले की लगेच ते बंद करावे, असे मी ग्राहकांना सांगत असे. ते शक्य नसेल तर निदान मर्यादा कमी करून घ्यावी.

चिंचवडच्या ताईंनी मांडलेल्या गणितात एक भर घालतो. थकबाकी असलेले बिल पूर्ण भरल्यावरही पुढच्या महिन्यात काहीशे रुपयांचे व्याज येते आणि लोकांना वाटते की बँकेने फसवले. बिल निघाल्याची तारीख आणि आपण पैसे भरल्याची तारीख यांमधल्या दिवसांचे ते व्याज असते. तेवढे भरले की खाते खरोखर शून्यावर येते. ते न भरता लोक निश्चिंत राहतात आणि विलंबशुल्क सुरू होते. कार्ड बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, काही देणे शिल्लक नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे, अन्यथा दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हा नियम मी माझ्या शेजाऱ्यांना छापून दिला होता आणि त्यांचे काम तिसऱ्या दिवशी झाले.

कोणते कार्ड आधी फेडावे, असे मला नेहमी विचारतात. कागदावर उत्तर एकच आहे: ज्याचा दर जास्त, ते आधी, आणि बाकीच्यांची किमान रक्कम चुकू द्यायची नाही. तरीही ज्या घराचा धीर सुटत चालला आहे, त्यांना मी लहान रकमेचे कार्ड आधी मोकळे करायला सांगतो. व्याज थोडे जास्त जाते, पण एक दार बंद झाल्याचे घरातल्या सगळ्यांना दिसते. व्याजदरावर कायदा मर्यादा घालील, या आशेवर मात्र कोणी थांबू नये. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित ठरवले होते, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

डोंबिवली, आयटी

माझा अनुभव वेगळा आहे, आणि दुसऱ्या कोणी त्या वाटेने जाऊ नये म्हणून लिहितो. नोकरी गेल्यावर चार महिने काहीच भरता आले नाही आणि वसुलीचे फोन सुरू झाले. ते मला येत होते तोवर ठीक होते. नंतर गावी वडिलांना येऊ लागले. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर असे फोन करता येत नाहीत आणि धाकदपटशा करता येत नाही, हे मला एका वकील मित्राने सांगितले. मी फोनच्या वेळा लिहून ठेवल्या आणि बँकेकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर आले नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली, ज्याला शुल्क लागत नाही. वडिलांना येणारे फोन बंद झाले.

पण त्याआधीच मी तडजोड मान्य केली होती. दीड लाखाचे पंचाऐंशी हजारांत मिटले, याचा मला आनंद झाला होता. तीन वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला गेलो, तेव्हा माझ्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेले) असा शेरा निघाला आणि अर्ज तिथेच थांबला. उरलेली रक्कम भरून, थकबाकी नसल्याचे पत्र घेऊन तो शेरा बदलून घेण्यात आठ महिने गेले. तेवढ्यात पसंत केलेले घर हातचे गेले. हा अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. मी तो आधी एकदाही पाहिला नव्हता.

सांगली, परिचारिका

मी आणि माझा मुलगा, दोघेच घरात असतो. पतसंस्थेचे कर्ज काढून कार्ड फेडले. हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे मोह उरला नाही. मोबाइलमधल्या खरेदीच्या सगळ्या ॲपमधून कार्डाचा क्रमांक मुलाने स्वतः काढून टाकला. दहावीच्या वर्षात त्याला हे सांगावे की नाही, या विचारात मी फार दिवस घालवले. सांगितल्यावर त्याने क्लास सोडून शाळेतल्या सरांकडे जायचे ठरवले. मला ते आजही टोचते. त्याला टोचत नाही, असे तो म्हणतो.

रत्नागिरी, अजून फेडते आहे

गेले चार दिवस मी हे सगळे वाचते आहे. माझी थकबाकी ८७,००० आहे. ही रक्कम मी आज पहिल्यांदाच कुठेतरी लिहिली. यजमानांना माहीत नाही. धाकटीच्या बारशाला सुरुवात झाली, मग माहेरी भावाच्या लग्नात आहेर केला, मग फ्रिज बिघडला. दरमहा किमान रक्कम मी शिवणकामाच्या पैशांतून भरते आणि एकही महिना चुकवलेला नाही, त्यामुळे आपण नीट चाललो आहोत, असे मला परवापर्यंत वाटत होते. चिंचवडच्या ताईंसारखे गणित मांडून पाहिले. माझ्या ४,३५० रुपयांतले ७५७ मुद्दलात जातात.

आज मुली लवकर झोपल्या आहेत. शिवणाच्या मशीनच्या खणातून दोन वर्षांची बिले काढून तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत. यजमान दुकान बंद करून नवाला येतात.