बाजार समितीला अपक्ष उभं राहायचंय : अर्ज कशाने बाद होतो, मतं कुठे असतात?

बांधावरचा :
नमस्कार मंडळी. आमचे काका बाजार समितीच्या निवडणुकीत सोसायटी गटातून उभे राहणार आहेत. तीन एकर, कांदा आणि मका. कुठल्याही पॅनेलमध्ये नाहीत, सोसायटीचे संचालकही नाहीत. सातबारा तिघा भावांचा सामाईक आहे. अर्ज कशामुळे उडू शकतो आणि मतं नक्की कोणाकडे मागायची? जाणकारांनी सांगावं.

तोलाई :
आधी मतदार समजून घ्या, बहुतेकांची गाडी इथेच घसरते. 18 संचालकांत 15 शेतकरी : 11 सोसायटी गटातून, 4 ग्रामपंचायत गटातून. उरलेले 2 व्यापारी-अडते (अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारा) आणि 1 हमाल-मापारी. सोसायटी गटात मत असतं ते विकास सोसायट्यांच्या (गावोगावच्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थांच्या) संचालकांना, साध्या सभासदाला नाही. एका सोसायटीत साधारण 13 संचालक धरा. तालुक्यात 60 सोसायट्या असल्या तर सगळी निवडणूक 780 माणसांची. भोंगा आणि फ्लेक्सवर पैसा घालू नका. मतदार यादी घ्या, गाववार फोडा, प्रत्येकाच्या घरी जा. प्रारूप यादी लागल्या लागल्या तपासा, हरकतीची मुदत थोडी असते.

आता मतपत्रिका. सोसायटी गटातल्या 11 जागांपैकी 7 सर्वसाधारण, 2 महिला, 1 इतर मागासवर्ग, 1 विमुक्त जाती-भटक्या जमाती. सर्वसाधारणच्या पत्रिकेवर मतदाराला सातपर्यंत फुल्या मारता येतात. कमी चालतात, आठवी पडली की अख्खी पत्रिका बाद. अपक्षाला सगळ्यात मोठा फटका बसतो तो इथेच. मतदार पॅनेलला शब्द देऊन बसलेला असतो, सात फुल्या तिकडे मारतो आणि ओळखीखातर आठवी काकांपुढे. ते मत कोणालाच जात नाही. म्हणून "आम्हालाही द्या" असं म्हणूच नका. "सातातलं एक नाव गाळा आणि तिथे काकांना घ्या" असं स्पष्ट सांगा, नमुना पत्रिका हातात धरून.

2017 मध्ये 10 आर (साधारण 10 गुंठे) जमीन आणि पाच वर्षांत तीनदा त्या समितीत माल विकलेल्या शेतकऱ्याला थेट मताचा हक्क दिला होता. 2020 मध्ये तो काढून घेतला. 2023 च्या निवडणुकांत 10 आरवाल्या शेतकऱ्याला उभं राहता आलं, मत मात्र नव्हतं. म्हणजे काका उमेदवार असले तरी स्वतःला मत देता येत नाही. माझ्या मते हा शेतकऱ्यावर सरळ अन्याय आहे. ज्याचा माल ओट्यावर पडतो, त्याला मत हवंच.

फेरफार :
अर्जाचं सांगतो. सामाईक सातबाऱ्यावर नावापुढे वेगळं क्षेत्र नसेल तर आठ-अ (खातेउतारा) सोबत काकांच्या हिश्श्याचं क्षेत्र लिहिलेला तलाठ्याचा दाखला घ्या, नाहीतर 10 आरवरून हरकत येते.

काकांच्या नावे व्यापाराचा परवाना आहे का? कायद्याच्या व्याख्येत व्यापारी किंवा अडत्या हा स्वतः शेती करत असला तरी "शेतकरी" धरला जात नाही. हंगामात खळ्यावर चार गाड्या घेण्यासाठी काढलेला आणि विसरलेला परवानासुद्धा छाननीत वर येतो. असेल तर आधीच रद्द करून समितीचं तसं पत्र घ्या, येणेबाकी नसल्याच्या दाखल्याबरोबरच.

सूचक आणि अनुमोदक दोघेही त्याच गटाचे मतदार हवेत. त्यांचा यादीतला अनुक्रमांक आणि नाव यादीत छापलंय तसंच उतरवा. राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि वैधता. छाननीला काकांनी स्वतः हजर राहावं. अर्ज नामंजूर झालाच तर लेखी आदेशाची प्रत त्याच दिवशी मागावी, अपिलाला दिवस फार कमी मिळतात.

माल विकल्याच्या पट्ट्याही (अडत्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्या) जोडा. "हा कुठला शेतकरी" या हरकतीला तेच उत्तर.

भुईकाटा :
जाहीरनाम्यात हमीभाव लिहू नका, तो केंद्र ठरवतं आणि हे मतदाराला माहीत असतं. समितीच्या हातात काय आहे ते लिहा : इलेक्ट्रॉनिक काटा आणि त्याची तपासणी, लिलावाची ठरलेली वेळ, 24 तासांत रोख पैसे, कडता (वजनातली मनमानी कपात) बंद. बांधकामाचं आश्वासन देताना जपून, त्याला पणन संचालकांची मंजुरी लागते. 2016 पासून फळं-भाजीपाल्याची अडत (दलाली) खरेदीदाराने द्यायची आहे, तरी कित्येक ठिकाणी पांढऱ्या चिठोऱ्यावर, परवाना क्रमांक न घालता, ती शेतकऱ्याच्याच रकमेतून कापतात. अशा कच्च्या पट्टीला समितीच्या दप्तरात जागाच नसते. "पक्क्या पट्टीशिवाय गाडी गेटबाहेर नाही" एवढी एक ओळ प्रचाराला पुरे.

बांधावरचा :
आभारी आहे. परवाना नाही, खात्री केली. पट्ट्या काढल्या, 11 निघाल्या, पण 4 वर अडत्याच्या दिवाणजीने (कारकुनाने) नुसतं आडनाव टाकलंय. आणि दोन टेम्पोवाल्याच्या नावावर.

तोलाई :
टेम्पोवाल्याच्या बाजूला ठेवा, त्या जोडल्या तर उलट हरकत ओढवून घ्याल. आडनावाच्या चारही पट्ट्यांवर तारीख, गाडी नंबर आणि वजन असेल. ते समितीच्या आवक नोंदीशी जुळवून पूर्ण नावाचा दाखला मागा. या दाखल्याचा अर्ज उद्याच द्या आणि पोच घ्या. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला की तिथल्या कारकुनाला तुमच्या दाखल्यासाठी वेळ नसतो.