‘साइक्स’ आडनावाचे मूळ

‘साइक्स’ हे इंग्रजी आडनाव एखाद्या पूर्वजाच्या व्यक्तिनामावरून पडले असावे, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. जुन्या इंग्रजीत ‘सीक’ म्हणजे पाणथळ जागेतला लहान ओहोळ किंवा चर. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बोलीत त्याचेच ‘साइक’ झाले, आणि अशा ओहोळाकाठी राहणाऱ्याला ते नाव चिकटले. असे ओहोळ त्या भागात पुष्कळ असल्याने हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ब्रायन साइक्स या ऑक्सफर्डच्या आनुवंशशास्त्रज्ञाने (त्यांचे स्वतःचे आडनावही तेच!) 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या आडनावाच्या तपासलेल्या 48 पुरुषांपैकी 21 जणांचे वाय गुणसूत्र (जे बापाकडून मुलाकडे जाते) एकाच प्रकारचे आढळले, आणि त्यावरून त्यांनी मूळ पुरुष एकच असावा असा निष्कर्ष काढला. उरलेल्यांचे वेगळेपण दत्तकविधान किंवा विवाहबाह्य संतती यांनी पिढ्यान्‌पिढ्या साठत गेले, हे त्यांचे स्पष्टीकरण मला ग्राह्य वाटते. आपल्या दख्खनच्या पक्ष्यांची नोंद करणारे कर्नल साइक्सही मूळचे यॉर्कशरचेच.