मदत हवी आहे: लिमिट होल्डेममध्ये हातात राण्यांची जोडी, पण आधी बोलायची पाळी माझी

नमस्कार मंडळी,

नाशिकला कॉलेज रोडवर एका मित्राच्या गच्चीत आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री लिमिट होल्डेम खेळतो (पोकरचाच प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची पाच उघडी, आणि बेट ठरलेल्या रकमेचीच). पैसे लावत नाही, चिंचोके वाटून घेतो. तरी सगळे मन लावून खेळतात, आणि गेल्या शनिवारचा एक डाव माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी लावायची रक्कम, 1 आणि 2 चिंचोक्यांचे. फ्लॉपपर्यंत (मधली पहिली तीन पानं) 2 ची बेट, टर्न (चौथं पान) आणि रिव्हरला (पाचवं) 4 ची. मी बिग ब्लाइंडला (2 लावणारा), हातात इस्पिक आणि बदाम राणी. पहिल्या दोघांनी पानं टाकली, बटणावरच्या (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलणाऱ्या) मित्राने 4 केले, स्मॉल ब्लाइंडही (1 लावणारा) गेला. मी 6 केले, त्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले. मध्ये 13 जमले.

फ्लॉप आला किलवर एक्का, चौकट अठ्ठी, इस्पिक तिर्री. एक्का बघून पोटात गोळाच आला. मी 2 लावले, त्याने 4 केले, मी कॉल. टर्नला बदाम पंजी: मी चेक (काही न लावता पाळी सोडली), त्याचे 4, मी कॉल. रिव्हरला किलवर तिर्री: मी चेक, त्याचे परत 4. इथे मी राण्या टाकल्या. त्याने पानं न दाखवता गड्डीत सरकवली.

मेंढीकोटात शेवटी पान टाकणाऱ्याला जो फायदा असतो, तोच इथे त्याला होता. अशा वेळी मुळात रेज करावं का, म्हणजे 4 चे 6 करावेत का? आणि शेवटी टाकलं ते बरोबर होतं का?

प्रतिसाद 1

रेज अगदी बरोबर. बटणावरून कुणी ज्या हातांनी रेज करतो, त्यांतल्या बहुतेकांच्या पुढे तुमच्या राण्या असतात. आधी बोलावं लागतं म्हणून ते जादा 2 लावणं सोडू नका. राणीवर एक्का किंवा राजा फ्लॉपला येण्याची शक्यता सुमारे 41 टक्के आहे, गुलामांच्या जोडीवर तर वरचं पान 57 टक्के वेळा येतं. म्हणजे हा प्रसंग नेहमीचा आहे, त्याची तयारी आधीच हवी.

माझ्या मते चूक रिव्हरला झाली. मध्ये 33 होते, तुम्हाला 4 द्यायचे होते. नऊतून एकदा जिंकलात तरी कॉल परवडतो. टर्नला कॉल का केलात ते आठवा. तिसऱ्या राणीसाठी केला असेल तर तो चुकला, कारण न दिसलेल्या 46 पानांत राण्या दोनच. तो खोटं खेळत असेल किंवा त्याच्याकडे अठ्ठीची जोडी असेल म्हणून केला असेल, तर तिर्रीने त्यात काहीच बदललं नाही. नो-लिमिटमध्ये शेवटची बेट सगळा ढीग मागू शकते. लिमिटमध्ये ती एकच बेट असते, आणि पॉट (मध्ये जमलेले चिंचोके) मोठा असताना एका बेटेसाठी जोडी सोडणं फार महाग पडतं.

प्रतिसाद 2

वरच्याशी सहमत. खालची पानं आली, समजा नव्वी-पंजी-दुर्री, तर फ्लॉपला स्वतः लावा. चेक-रेजचा (आधी चेक, त्याने लावले की वाढवायचे) मोह होतो, पण मागचा माणूसही चेक करून मोकळा झाला तर राजा-दश्शीवाल्याला पुढचं पान फुकट मिळतं. चेक-रेज अशाच माणसासमोर करा जो चेक दिसला की हमखास लावतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. टर्नला मी खरंच राणीची वाट बघत होतो, हे आत्ता कळलं. एकच शंका उरली. आमच्यातला दुसरा एक जण एक्का लागल्याशिवाय फ्लॉपला रेज करतच नाही. त्याच्यासमोरही शेवटपर्यंत कॉल करायचं का?

प्रतिसाद 1

नाही. त्याच्यासमोर फ्लॉपच्या रेजलाच पानं टाका, कारण मग फक्त तिसरी राणीच वाचवू शकते, आणि तेवढ्यासाठी 2 देणंही परवडत नाही.  ते 2 आणि पुढचे 8 वाचतील.