संगणकाचे नाव बदलल्यावर एसक्यूएल सर्व्हर सापडत नाही

प्रश्न:
नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना असून बिलांचे सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेसवर चालते. मुख्य संगणकाचे ‘अकाउंट१’ हे नाव मी शनिवारी बदलून ‘ऑफिस१’ केले. तेव्हापासून बिलांच्या दोन्ही संगणकांवर सर्व्हर किंवा इन्स्टन्स (संगणकावर चालणारी डेटाबेस सर्व्हरची नाव असलेली प्रत) सापडत नसल्याची २६ क्रमांकाची त्रुटी येते. मुख्य संगणकावर मॅनेजमेंट स्टुडिओ (डेटाबेस सांभाळण्याचा प्रोग्राम) नव्या नावाने उघडतो. मात्र ‘सिलेक्ट @@सर्व्हरनेम’ चालवल्यास जुनेच नाव दिसते. सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करावा लागेल का? सध्या बिले हाताने लिहीत आहोत.

उत्तर १:
मुळीच नाही. येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र दिसत आहेत. घर मुलाच्या नावावर झाले तरी वीजबिल आजोबांच्या नावाने येत राहते, तसे सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदीत जुने नाव राहिले आहे. त्यासाठी मॅनेजमेंट स्टुडिओत प्रथम ‘एसपी_ड्रॉपसर्व्हर’ या आज्ञेला जुने पूर्ण नाव द्यावे, मग ‘एसपी_ॲडसर्व्हर’ला नवे नाव आणि त्यापुढे ‘लोकल’ हा शब्द द्यावा, आणि सर्व्हिस रीस्टार्ट करावी. तोवर बदल दिसत नाही. उलट्या तिरक्या रेषेपुढील इन्स्टन्सचे नाव आहे तसेच ठेवावे, कारण या मार्गाने फक्त संगणकाचे नाव बदलता येते.

मात्र २६ क्रमांकाची त्रुटी याने जाणार नाही. ते संगणक अजून ‘अकाउंट१’लाच शोधत आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या सेटिंग फाइलमध्ये नवे नाव लिहावे लागेल.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. @@सर्व्हरनेम आता बरोबर येते आणि एक संगणक सुरू झाला. दुसऱ्याच्या सेटिंग फाइलमध्ये सर्व्हरचे नावच नाही, केवळ डीएसएनचे (विंडोजमध्ये साठवलेल्या डेटाबेस-जोडणीचे) आहे. अशा जोडण्यांची यादी असलेल्या ओडीबीसीच्या खिडकीत मात्र तो डीएसएन दिसत नाही.

उत्तर २:
सॉफ्टवेअर बहुधा ३२ बिटचे असावे आणि आपण ६४ बिटची खिडकी उघडली असावी. विंडोजच्या ‘सिसवाऊ६४’ फोल्डरमधील ‘ओडीबीसीएडी३२’ उघडावे, ३२ बिटची खिडकी तीच (नावांचा हा उलटा कारभार मायक्रोसॉफ्टचाच), सिस्टिम डीएसएनमध्ये जाऊन सर्व्हरचे नाव बदलावे आणि तेथील चाचणीचे बटण दाबून पाहावे.

एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारा एजंट नसल्याने रात्रीचा बॅकअप टास्क शेड्युलरमधील बॅच फाइलने घेत असाल, तर तीही आजच उघडून पाहावी. डेटाबेसला आज्ञा देणाऱ्या ‘एसक्यूएलसीएमडी’च्या ओळीत जुने नाव असल्यास शनिवारपासून बॅकअप झालेला नसणार, आणि त्याची त्रुटी कोणाच्याही पडद्यावर येत नाही.

प्रश्नकर्ता:
डीएसएन सापडला, बिले सुरू झाली. बॅच फाइलमध्ये खरोखरच ‘अकाउंट१’ होते. शेवटची बॅकअप फाइल शुक्रवारची आहे. आत्ताच हाताने बॅकअप घेतला.