शिराळ्यात रात्री मुंबई लागते, दिवसा का लागत नाही?

शिराळकर
वडील ७८ वर्षांचे. उमेदीची वर्षं लोअर परळच्या गिरणीत गेली, १९८२ च्या संपानंतर गावी आले ते कायमचे. तेव्हाचा दोन बँडचा ट्रान्झिस्टर अजून चालू आहे. दिवसा सांगली केंद्र ऐकत आले, पण जीव मुंबईत. तिथे खोलीत दहाजण आणि रेडिओ एकच. ‘कामगार सभा’ लागली की पाळीवर निघालेला माणूस चपलेत पाय अडकवून दारातच उभा राहायचा, असं सांगतात. ‘पुन्हा प्रपंच’ या रेडिओवरच्या श्रुतिकेतल्या टेकाडे भावजींचा आवाज आजही हुबेहूब काढतात.

परवा रात्री नऊच्या सुमारास सुई फिरवताना ५५८ वर मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लागली. म्हातारा उठून बसला. सकाळी त्याच जागी नुसती खरखर. सेट बिघडलाय का? गावातल्या दुकानात सेट न उघडताच परत दिला.

मिरजेचा जुना मेकॅनिक
सेट एकदम ठणठणीत आहे, कुणाला उघडू देऊ नका.

तुमचं ५५८ म्हणजे मिडियम वेव्ह, आणि ती दिवसा जमिनीला धरून चालते. मुंबईचा ट्रान्समीटर मालाडला, तुमच्यापासून सरळ रेषेतसुद्धा अडीचशे किलोमीटरच्या पुढे, आणि मध्ये सगळा सह्याद्री. तेवढ्यात तिचा दम संपतो. वर गेलेल्या लहरी ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा थर उन्हात गिळून टाकतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो, मग त्याच लहरी आणखी वरून परतून आपल्याकडे उतरतात. म्हणून रात्री मुंबई येते, मध्येच बुडते, पुन्हा वर येते. बटण पिळत बसू नका, अर्धा मिनिट थांबा.

आता करायचं ते सांगतो. सेटच्या आत वरच्या बाजूला काळी कांडी असते, तिच्यावर बारीक तारेचे वेढे. तीच एरियल. बाहेरची दांडी मिडियम वेव्हला उपयोगाची नाही. कांडी स्टेशनला आडवी पडली पाहिजे. मुंबई तुम्हाला वायव्येला, तेव्हा सेटचं तोंड नाहीतर पाठ वायव्येला करा आणि हळूहळू इकडेतिकडे फिरवा. एका ठिकाणी आवाज भरून येईल, तिथे खडूने खूण करा. गिऱ्हाइकाच्या घरी सेट पोचवला की मी आधी फळीवर ही खूण करून द्यायचो.

आणि खोलीतला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर बंद करा. निम्मी खरखर त्यांचीच असते.

कराडकर
टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, मीना वहिनी नीलम प्रभू आणि पंत बाळ कुडतरकर. तिघं नुसती घरातल्यासारखी बोलायची, त्यामुळे आमच्या आजीला ती शेजारची माणसं वाटायची. असं बोलणं लिहिणं आणि वाचणं फार अवघड आहे, त्या मंडळींना मी मानतो.

मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, तेव्हा ते एका खासगी कंपनीचं होतं आणि ट्रान्समीटर जेमतेम दीड किलोवॅटचा. कंपनी १९३० मध्ये बुडाली, मग सरकारने चालवायला घेतलं. सकाळी आकाशवाणीचं प्रसारण सुरू होताना वाजते ती धूनही मुंबई केंद्रातच काम करणाऱ्या वॉल्टर कॉफमन यांची.

दिवसा ऐकायचं असेल तर न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर अस्मिता मिळते.

शिराळकर
अ‍ॅप लावून दिलं. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, हे फार स्वच्छ आहे, मला सेटवरच लाव. रात्री चार्जर काढला, दिवा घालवला, ट्रान्झिस्टर खिडकीत वायव्येला धरला. मुंबई आली. दोनदा बुडाली, दोन्ही वेळा वडिलांनी हात वर करून मला थांबवलं. खूण खडूने नाही, त्यांनी स्वतः कोळशाने केली आहे.